करवियलें आणि कतं : शस्त्रावरील नावाचा प्रश्न

१

पवन मावळातील बेडसे या गावामागच्या डोंगरात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील म्हणून गणले जाणारे एक चैत्यगृह आहे. समोरचा कातळ पूर्णपणे न काढता त्यातून एक अरुंद वाट तेवढी कोरलेली असल्यामुळे या लेण्याचा दर्शनी भाग दुरून दिसत नाही. वाट ओलांडून ओसरीत आले की घंटाकृती शीर्षांचे उंच स्तंभ आणि त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती यांच्या पाठीवर बसलेली स्त्रीपुरुषांची युगुले एकदम समोर येतात. पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांसह आम्ही तेथे गेलो होतो. प्राकृत शिलालेखांचे वाचन हा सहलीचा हेतू होता.

लेख वाचून झाल्यावर ओसरीत बसलो असता एका विद्यार्थ्याने मोबाइलच्या पडद्यावर जपून ठेवलेले एक चित्र दाखविले. ते एका दुहाती परशूचे होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या, जगभरचे खेळाडू एकाच वेळी खेळतात अशा आभासी भूमिकाखेळात त्याने तो स्वतः घडविला होता. परशूचे नाव ‘आर्केनाइट रीपर’. चित्राशेजारच्या चौकटीत शस्त्राचे नाव, त्याची प्रहारशक्ती आणि अगदी तळाशी ‘अमुक याने बनविले’ या अर्थाची एक ओळ होती. त्या ‘अमुक’च्या जागी विद्यार्थ्याने खेळात धारण केलेले नाव होते. मित्रांनी थोडी चेष्टा केली. मग त्यांच्यापैकीच एका मुलीने विचारले, “मॅडम, याच्या कुऱ्हाडीवर बनवणाऱ्याचं नाव आहे. मग या खांबांवर का नाही?”

प्रश्न सहज विचारलेला होता. त्याचे उत्तर मात्र सहज देता येण्याजोगे नव्हते. प्रस्तुत निबंध हा त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे. घडविलेल्या वस्तूवर कोणाचे नाव घातले जाते, कोणत्या क्रियापदाने घातले जाते आणि त्या नावामागे कोण झाकले जाते, असे तीन पदर या प्रश्नाला आहेत. शस्त्र ही वस्तू या तिन्ही दृष्टींनी विशेष बोलकी आहे. आपल्या सांस्कृतिक स्मृतीत शस्त्राइतक्या कथा दुसऱ्या कोणत्याही हस्तनिर्मित वस्तूभोवती गुंफल्या गेलेल्या नाहीत, आणि त्या कथांतून घडविणारा हात इतका पूर्णपणे वगळलाही गेलेला नाही.

२

प्रथम त्या परशूची निर्मितिप्रक्रिया समजावून घेतली पाहिजे. २००४ साली अमेरिकेत प्रकाशित झालेल्या या खेळात खेळाडूला युद्धाखेरीज एखादा व्यवसायही पत्करता येतो : खाणकाम, किमया, लोहारकाम, चर्मकाम इत्यादी. लोहाराचे कौशल्य शेकडो लहानसहान वस्तू घडवीत क्रमाने वाढत जाते. शस्त्राची कृती, म्हणजे त्याचा आराखडा, आधी मिळवावी लागते. मग सामग्री गोळा करावयाची. या परशूला आर्केनाइट या काल्पनिक धातूच्या वीस कांबी लागतात. एक कांब हवी असेल तर थोरियमची कांब आणि एक दुर्मीळ स्फटिक यांचे रूपांतर किमयागाराकडून करवून घ्यावे लागते आणि एकदा रूपांतर केल्यानंतर त्या किमयागाराला काही काळ थांबावे लागते. त्यामुळे वीस कांबी जमविण्यात आठवडे जातात. खाणकाम करणारा, किमयागार, कातडे पुरविणारा आणि शेवटी लोहार अशी ही श्रमविभागणी आहे. आपल्याकडील बलुतेदारीची आठवण व्हावी अशी ती रचना आहे. फरक एवढाच की येथे व्यवसाय जन्माने ठरत नाही आणि हवा तेव्हा तो सोडूनही देता येतो.

प्रत्यक्ष घडविण्याचा क्षण मात्र काही सेकंदांचा असतो. ऐरणीजवळ उभे राहून एक कळ दाबावयाची. पडद्यावरील आकृती हातोडा चालविते आणि शस्त्र तयार होते. ते नेहमी ठरलेल्याच रूपाचे असते. हजारो लोहारांनी घडविलेले हजारो ‘आर्केनाइट रीपर’ तंतोतंत सारखेच. त्यांना परस्परांपासून वेगळे करणारी गोष्ट एकच : तळाची ती नावाची ओळ.

ही कल्पना या खेळाची स्वतःची नव्हे. १९९७ साली सुरू झालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या आद्य खेळांपैकी एकात कौशल्याचा कळस गाठलेल्या लोहाराला आपल्या उत्कृष्ट शस्त्रांवर स्वतःची खूण उमटविण्याचा अधिकार मिळत असे. त्या जगात शस्त्रे झिजत आणि तुटत. त्यामुळे चांगल्या लोहाराकडे गिऱ्हाइकांना पुनःपुन्हा यावे लागे आणि ही खूण म्हणजे हमी आणि लौकिक दोन्ही असे. म्हणजे आभासी जगाने आपल्या आरंभीच्या काळातच कारागिराच्या मुद्रेचा जुना संकेत उचलला होता. हा संकेत आपल्या परिसरात कोठे होता आणि कोठे नव्हता, हे आता पाहावयाचे आहे.

३

बेडसे येथील शिलालेख मोजके आहेत. ओसरीतील एका लेखात नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे दान नोंदले आहे. पाण्याच्या टाक्यावरील लेखात महाभोजाची कन्या, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिच्या देयधर्माची नोंद आहे. तिसरा लेख गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षान्नावर राहणाऱ्या श्रमणाच्या स्तूपाचा असून तो त्याच्या शिष्याने करविल्याचे सांगतो. तीन लेख, तीन नातेसंबंध : दान देणारा, धर्मकृत्य करणारी, करविणारा. यांपैकी एकाच्याही हातात छिन्नी नव्हती.

यावरून प्राचीन महाराष्ट्रात कारागिराला नावच नव्हते असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. बेडशापासून दूर नसलेल्या कार्ले येथील चैत्यगृहात दोन प्रकारचे लेख जवळजवळ नांदतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याचे सांगतो आणि त्याला जंबुद्वीपातील उत्तम म्हणवून घेतो. तेथेच धेनुकाकटाचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा पुत्र, लेण्याचे मुख आपण केल्याचे सांगतो. त्याच्या लेखातील क्रियापद ‘कतं’ असे आहे, म्हणजे ‘केले’. घाट उतरून राजमाचीच्या पायथ्याशी गेले की कोंडाणे येथे एका भग्न शिल्पाजवळ हेच क्रियापद पुन्हा भेटते : कण्हाचा शिष्य बलक याने ते केले. येथे दान नाही, करविणेही नाही. गुरूचे नाव, स्वतःचे नाव आणि ‘कतं’, एवढाच तो लेख.

‘दानं’ आणि ‘कतं’ ही दोन क्रियाविधाने म्हणजे वस्तूकडे पाहण्याच्या दोन स्वतंत्र रीती होत. पहिल्या रीतीत वस्तूचा उगम संपत्तीत आणि पुण्येच्छेत असतो, दुसरीत तो हाताच्या कौशल्यात. सह्याद्रीच्या या पट्ट्यात दोन्ही रीती एकाच काळाच्या आसपास उपलब्ध होत्या. पुढे मराठीने यांपैकी कोणती उचलली, याचे उत्तर मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेल्या एका शब्दात आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याचा जो लेख मराठीतील आद्य लिखित वाक्य म्हणून दीर्घकाळ शिकविला गेला, त्याचे क्रियापद ‘करवियलें’ असे आहे. हे प्रयोजक रूप आहे. चावुंडराजाने करविले. अखंड कातळातून ती प्रचंड मूर्ती कोणी काढली, हे वाक्य सांगत नाही. त्याच्या व्याकरणात त्या माणसाला जागाच नाही. या लेखाच्या कालनिर्णयाविषयी आणि आद्यत्वाविषयी वाद झाले. त्यातील प्रयोजकाविषयी मात्र आपण फारसे थांबून बोललो नाही. आपल्या लिखित भाषेचे एक आरंभीचे वाक्य करणाऱ्याचे नसून करविणाऱ्याचे आहे, ही गोष्ट केवळ व्याकरणाची नव्हे.

४

शस्त्राच्या बाबतीत हे प्रयोजक अधिकच दृढ झाले. ‘सभासद बखर’ १६९७ मध्ये लिहिली गेली. परमानंदाचे ‘शिवभारत’ त्याहून आधीचे. अफजलखान प्रसंगाच्या या आणि नंतरच्या कथनांतून शस्त्राभोवती दैवी साक्षात्काराचे वलय कसे निर्माण होत गेले, याचा अभ्यास इतिहासकारांनी केला आहे. ‘शिवभारता’त देवी आणि खड्ग यांचे ऐक्य कल्पिलेले आढळते. उत्तरकालीन परंपरेत भवानी तलवारीच्या प्राप्तीच्या दोन कथा शेजारीशेजारी नांदतात. एकीत ती देवी देते. दुसरीत ती कोकणातील गोवेलेकर सावंतांकडून तीनशे होन देऊन घेतली जाते. पहिलीत दान आहे, दुसरीत खरेदी. तिसरी कथा, म्हणजे ती तलवार कोणत्या भात्यापुढे, कोणाच्या हातोड्याखाली तयार झाली याची, परंपरेने रचलीच नाही. ती रचण्याची गरजही तिला वाटली नाही.

हे आपल्या पुराणकथांशी ताडून पाहिले की विस्मय वाटतो. इंद्राचे वज्र त्वष्ट्याने घडविले, हे ऋग्वेदाला ठाऊक आहे. विश्वकर्म्याने सूर्याचे तेज तासले आणि त्या कीसातून विष्णूचे चक्र केले, असे पुराणे सांगतात. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीजची ढाल घडविणारा हिफेस्टस एका सर्गाच्या मोठ्या भागाचा विषय होतो. आधुनिक अद्भुतकथेनेही ही रीत सांभाळली. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोडून पुन्हा जोडल्या जाणाऱ्या तलवारीच्या मूळ लोहाराचे नाव दिलेले आहे, १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पटखेळामार्फत हीच कथनपरंपरा पुढे संगणकावरील खेळांत उतरली. म्हणजे लोहार देव असेल किंवा काल्पनिक वंशातला असेल तर त्याला नाव मिळते. तो गावच्या वेशीजवळ राहणारा लोहार असेल, पालासह फिरणारा घिसाडी असेल किंवा धार लावून देणारा शिकलगार असेल, तर त्याचे नाव शस्त्राबरोबर पुढे जात नाही. मिथकाने जे श्रेय त्वष्ट्याला दिले, ते समाजाने लोहाराला दिले नाही.

या संदर्भात अलीकडच्या एका तलवारीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील सदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळविली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली गेली. ती फिरंग जातीची आहे, म्हणजे पाते युरोपीय आणि मूठ एतद्देशीय. पात्यावर ते बनविणाऱ्या युरोपीय कारखान्याचे नाव आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत ‘सेनासाहेबसुभा’ या पदवीसह रघुजींचे नाव आणि ‘फिरंग’ हा शब्द लिहिलेला आहे. मुठीवर सोन्याचे नक्षीकाम आहे.

ही तलवार एक संहिता म्हणून वाचावी. तिच्यावर दोन स्वाक्षऱ्या आहेत. एक परदेशी कारखान्याची : तेथे ‘कतं’ची रीत व्यापारी मुद्रेच्या रूपाने चालू होती. दुसरी स्वामीची, म्हणजे आपल्या ‘करवियलें’ची. तिसरा माणूस निनावी आहे. ज्याने परक्या पात्याला आपल्याकडील हाताच्या सवयीची मूठ बसविली, ज्याने तिच्यावर सोने चढविले, ज्याने स्वामीचे नाव सुबक अक्षरांत लिहिले, त्याने स्वतःचे नाव लिहिलेले नाही. विशेष म्हणजे लिहिण्याचे साधन आणि कौशल्य त्याच्याच हातात होते.

एतद्देशीय लोहार मुद्रेची किंमत ओळखत नव्हता, असेही नाही. जिनोआच्या पात्यांवरील दातेरी चंद्रकोरीसारख्या खुणा भारतीय पात्यांवर सर्रास नकललेल्या आढळतात. म्हणजे त्याने खूण उमटविली, पण ती दुसऱ्याची. बाजारात त्याच्या कामाला किंमत यावी म्हणून त्याला आपले कौशल्य परक्या नावाखाली विकावे लागले. याला केवळ बनवेगिरी म्हणून सोडून देणे सोपे आहे. ज्या समाजात ‘मी केले’ असे म्हणण्याची सोयच नाही, तेथे उत्तम कामाला आधार म्हणून उसने नाव घ्यावे लागते, असा त्याचा अन्वयार्थ अधिक योग्य वाटतो.

५

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीची गोष्ट दिसू लागेल. ज्या काळात मराठी मुलखातील लोहार आपल्या कामावर नाव घालीत नव्हता, त्याच मुलखात शिंपी, कुंभार, माळी, सोनार, वाणी आपल्या अभंगांवर नाव घालीत होते. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा ही कारागिराची मुद्राच आहे. नामदेव, गोरोबा, सावतोबा, नरहरी यांच्या नावांना त्यांचे व्यवसाय चिकटलेले आहेत, हा योगायोग नव्हे. ज्यांना शिवलेल्या कपड्यावर किंवा भाजलेल्या मडक्यावर ‘कतं’ लिहिता आले नाही, त्यांनी ते शब्दावर लिहिले. वारकरी परंपरेने केलेली ही क्रांती भक्तीच्या आणि समतेच्या परिभाषेत पुष्कळदा मांडली गेली आहे. कर्तृत्वाच्या नोंदीचा इतिहास म्हणूनही ती मांडली जावयास हवी.

पात्यांवरील उसन्या खुणांचा प्रश्नही येथे आहेच. नाम्याच्या मुद्रेखाली एकाहून अधिक नामदेवांची रचना मिसळली आणि ती वेगळी करण्यात पाठचिकित्सकांच्या पिढ्या गेल्या. मुद्रेला लौकिक आला की तिची नक्कल होते, मग ती पोलादावर असो वा अभंगात.

पाश्चात्त्य समीक्षेने कर्त्याचा प्रश्न वेगळ्या दिशेने नेला. रोलां बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि त्या बदल्यात वाचकाचा जन्म मागितला. मिशेल फुकोने १९६९ साली ‘लेखक’ ही व्यक्ती नसून संहितांचे नियमन करणारे एक कार्य आहे, असे दाखविले. लेखकाचे नाव प्रथम शिक्षेच्या संदर्भात, म्हणजे कोणाला जबाबदार धरावे म्हणून, आवश्यक झाले हेही त्याने सांगितले. हे विचार आपल्याकडे आले आणि आपण ते उत्साहाने शिकविले. पण ज्याला कर्ता म्हणून कधी जन्मच मिळाला नाही, त्याच्या मृत्यूची घोषणा करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न आपण पुरेशा गांभीर्याने विचारला नाही. बेडशाच्या ओसरीत तो टाळता येत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या परशूकडे पुन्हा वळू. ‘अमुक याने बनविले’ ही ओळ ‘कतं’च्या कुळातली आहे, यात शंका नाही. पण तो खरोखरच कर्ता आहे काय? परशूचा आकार, रंग, नाव, कृती हे सारे आधीच ठरलेले होते. त्याने नियमावली वाचली, तिच्याप्रमाणे श्रम केले आणि शेवटी सही केली. या दृष्टीने तो सही करणारा वाचक आहे. बार्थने वाचकाला कर्त्याचे सिंहासन देऊ केले होते. या खेळाने त्याला कर्त्याची मुद्राच देऊन टाकली. शिवाय ज्या किमयागाराने आठवडेच्या आठवडे कांबी रूपांतरित केल्या, त्याचे नाव त्या ओळीत नाही. ज्याने धातू खणला त्याचेही नाही. आभासी जगातही ‘कतं’च्या पोटात एक लहानसे ‘करवियलें’ दडलेले आहे.

त्याहून मोठे प्रयोजक पडद्यामागे आहे. अशा खेळांतील शस्त्रांची चित्रे काढणारे, त्यांचे त्रिमिती आकार घडविणारे, त्यांवर धातूची चकाकी चढविणारे कारागीर खरेखुरे आहेत आणि त्यांची नावे फारच थोडे खेळाडू वाचतात अशा श्रेयनामावलीत असतात. ‘अल्टिमा ऑनलाइन’ने आपल्या लोहारांना मुद्रेचा अधिकार दिला त्याच १९९७ साली बेंगळुरूमध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था सुरू झाली, परदेशी खेळांसाठी दृश्यसामग्री घडविणे हे पुढे तिचे मुख्य काम झाले. बेडशाहून तासा-दोन तासांच्या अंतरावरील पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ काम करू लागला. खेळ ज्याचा म्हणून जगभर ओळखला जातो, ते नाव कंपनीचे असते. फिरंगीचे नाते येथे उलटे झाले आहे : पूर्वी पाते परदेशी आणि मूठ आपली होती, आता शस्त्राचे पाते कित्येकदा आपल्याकडे घडते आणि नाव परदेशी असते. निनावी माणूस मात्र तेव्हा जेथे होता तेथेच आहे.

६

तरीही विद्यार्थ्याच्या अभिमानाकडे तुच्छतेने पाहणे योग्य होणार नाही. त्याच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. शस्त्र ही घडविलेली वस्तू आहे, तिला सामग्री लागते, ती सामग्री कोणी तरी खणून काढलेली असते, तिच्यावर वेळ आणि परस्परांवरचा विश्वास खर्च होतो, हे त्याला माहीत होते. बखरींनी आणि पाठ्यपुस्तकांनी त्याला तलवार दिली ती म्यानातून उपसलेली; खेळाने त्याला ती भात्यापासून दाखविली. ज्ञान काल्पनिक धातूचे असले तरी प्रश्न खरा आहे.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तेव्हा सारी चर्चा ती कोणाची यावर झाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी भवानी तलवार परत आणण्याचा विषय हाती घेतला, तेव्हाही प्रश्न तोच होता. स्वामित्वाचा हा प्रश्न ऐतिहासिकदृष्ट्या रास्त आहे आणि वसाहतकालीन लुटीच्या संदर्भात तो विचारलाही गेला पाहिजे. पण तो एकच प्रश्न विचारीत राहिल्यामुळे आपला शस्त्रेतिहास हा मालकांचा इतिहास झाला आहे. रघुजींच्या तलवारीची मूठ कोणत्या गावी, कोणत्या घराण्याच्या हातांनी बसविली गेली असेल, धातूची पारख आणि कोफ्तगरीची तऱ्हा यांवरून तिच्या कारागिरांविषयी काय सांगता येईल, हा प्रश्न विचारण्याची संधी ती तलवार परत आल्याने प्रथमच आपल्या हाताशी आली आहे. साहित्याच्या अभ्यासकाने यात काय करावयाचे, असे कोणी विचारील. त्याने क्रियापदे वाचावीत. शिलालेखांतील, बखरींतील, संग्रहालयांतील पाट्यांवरील प्रत्येक ‘करविले’ समोर आले की त्यामागे ‘केले’ कोणाचे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

निघताना त्या मुलीने समोरच्या कातळवाटेच्या भिंतीवर हात ठेवून पाहिले. स्तंभ घासून तकतकीत केलेले आहेत. या भिंतीवर मात्र छिन्नीचे तिरपे घाव अजून उमटून आहेत. एकाच हाताचे वाटावेत असे ते ओळीने उतरत जातात, मध्येच दिशा बदलतात आणि पुन्हा त्याच अंतराने सुरू होतात. तिला मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. आज देताना एवढेच म्हणेन की नाव येथेही आहे. ते अक्षरांत नसल्यामुळे आपल्याला वाचता येत नाही. ते वाचण्याची विद्या अजून आपण शिकावयाची आहे.